वेशीच्या आतली चौकशी

माझा नवरा भीमरत्न बत्तीस वर्षं तालुका कचेरीत होता. घरात मी त्याला 'अहो' म्हणते, पण कागदावर नावानंच लिहिणार, कारण जर्मनीत जाऊन त्यानं जे केलं ते अहोजाहो करण्यासारखं नव्हतं. नोकरीत त्यानं पडक्या भिंतींचे, जळालेल्या गंजींचे, बुजलेल्या विहिरींचे पंचनामे केले. एकदा वीज पडून मेलेल्या म्हशीचासुद्धा केला. निवृत्त झाल्यावर पंचनाम्याला काही उरलं नाही, तेव्हा तो माझ्या स्वयंपाकाकडं वळला. पहिली भाकरी किती वाजता टाकली, करपली का, करपली तर कुणाच्या समक्ष. मी निपाणीच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवते आणि अजून दोन वर्षं नोकरी आहे, म्हणून दिवसाचे सहा तास तरी माझी सुटका.

अशात उपासनाचा व्हिडिओ कॉल आला. उपासना आमची एकुलती एक. बेळगावला इंजिनिअरिंग करून सहा वर्षांपूर्वी जर्मनीला गेली. तिथं ती एका जुन्या तटबंदीच्या गावात राहते आणि तटाबाहेरच्या कारखान्यात नोकरी करते.

"पप्पा, मम्मी, मला एक मुलगा पसंत हाय," ती म्हणाली. "योनास नाव त्याचं. हितलाच हाय."

भीमरत्ननं चष्मा पुसला. "काय करतो?"

"सुतार हाय."

 पोरगी इंजिनिअर आणि जावई सुतार. मागं जपमाळ ओढावी तसा लसूण सोलत बसलेल्या सासूबाईंनाच काय ते सुचलं. "मग बरं की. खुर्चीचा पाय मोडला तर घरच्या घरी हुईल."

उपासना हसली आणि लगेच गंभीर झाली. "दोघं या, बघा त्याला, त्याच्या आईला भेटा. पर एकच सांगते पप्पा. चौकशी करायची न्हाय. कुणाला काय इचारायचं न्हाय. केली असं मला कळलं, तर मी हितं लग्न करून मोकळी हुईन आणि तुम्हाला फोटोबी धाडणार न्हाय."

भीमरत्न म्हणाला, "न्हाय गं. मी कशाला करतोय."

ही अट तिनं का घातली ते आधी सांगते. सात वर्षांपूर्वी तिच्या वर्गात बेळगावजवळच्या कंग्राळीचा ओमकार होता. दोघांचं जमलं होतं, त्याच्या घरी ते कानावर गेलं होतं, आणि एके दिवशी ओमकारचा चुलता निपाणीत चौकशीला आला. आमच्या घरात आला नाही. कुणाला भेटला, काय विचारलं, काही कळलं नाही. आला तसा परत गेला. चौथ्या दिवसापासून ओमकारचा फोन बंद. आमच्या भिंतीवर कुणाचे फोटो आहेत आणि त्याच्या भिंतीवर कुणाचे, एवढा हिशेब ज्याला त्याला येतो. पोरगी पंधरा दिवस भिंतीकडं तोंड करून पडून होती. भीमरत्न तिच्या उशाशी बसून सांगायचा, "त्या पोरातच दम न्हवता बाळ, सोडून दे." पुढच्या वर्षी ती जर्मनीला गेली. मग आता कुणालाही वाटेल, अशा घरात चौकशी हा शब्दसुद्धा कुणी काढू नये. पण कॉल संपला आणि सासूबाई म्हणाल्या, "भीमा, गिरणवाली, न्हावी आणि सोनार. ह्या तिघांना इचारल्याबगार सोयरीक करू नये. पोरगी ल्हान हाय, तिला काय कळतंय."

सासूबाई म्हणजे सुलाबाई. वय कागदावर अठ्ठ्याहत्तर, कागदाबाहेर विचारू नये. माझ्या वेळी त्यांनी माझ्या माहेरी बोरगावात येऊन गिरणवालीला गाठलं होतं. ती म्हणाली होती, "पोरगी कामाला वाघ हाय, तोंडानं फटकळ हाय." सासूबाई अजून म्हणतात, गिरणीच्या आवाजात त्यांना निम्मंच ऐकू आलं.

मे महिन्यात आम्ही गेलो. गावाचं नाव मी लिहीत नाही. एक तर ते लिहायला अर्धी ओळ जाते, आणि दुसरं म्हणजे तिथं आमची अजून आठवण काढत असतील. गाव मात्र बघण्यासारखं. सगळ्या गावाभोवती दगडी तट, त्याला पाच वेशी, आणि तटाच्या आतल्या अंगानं वरून कौलांचं छप्पर असलेली चालायची वाट. एक चक्कर मारायला तासभर लागतो. पाऊस असो, ऊन असो, तुम्ही आपले लाकडी फळ्यांवरून टपटप चालायचं आणि लोकांच्या परसात डोकावायचं. मला तर ही सोय फार आवडली. आपल्याकडं लोकांच्या परसात डोकावायला काहीतरी निमित्त काढावं लागतं.

योनास आम्हाला स्टेशनावर घ्यायला आला होता. साडेसहा फूट उंच, हातावर रंधा घासल्याच्या खुणा, आणि लाजून लाल झालेला. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "जय भीम." भीमरत्नचा चेहरा उजळला, पण दोन मिनिटांत परत कचेरीत गेला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "शिकवल्यालं हाय."

"मग काय आईच्या पोटातनं शिकून येणार हुता?" मी म्हणाले.

पहिल्या दिवशी दोघांनी आम्हाला तट दाखवला. त्या वाटेच्या छपराची कुजलेली लाकडं बदलायचं काम योनासकडंच होतं. तो थांबून थांबून दाखवायचा, हा वासा तीनशे वर्षांचा, हा मी मागच्या महिन्यात घातला. भीमरत्न प्रत्येक ठिकाणी टिचकी मारून बघायचा. शेवटी म्हणाला, "आपल्या बेळगावच्या किल्ल्याला खंदक हाय. ह्यांच्या गावाला न्हाय वाटतं." उपासनानं ते सांगितल्यावर योनासनं आम्हाला बाहेरच्या अंगाला नेऊन बुजवलेला खंदक दाखवला, त्यात आता सफरचंदाची झाडं होती. भीमरत्न हिरमुसला. खंदकाच्या बाबतीत तरी आपण वर राहू अशी त्याची आशा होती.

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेली. "तुम्ही आपलं गाव फिरा," उपासना म्हणाली. ती सायकलवरून वेशीबाहेर पडली आणि भीमरत्ननं खिशातनं लहान वही काढली. मी त्याला थांबवलं का? नाही. खोटं कशाला बोलू, मलाही जाणून घ्यायचं होतं. सातासमुद्रापलीकडचं घर, त्यात माझी पोरगी जाणार, आणि मी काय झाडं बघत फिरू?

पहिला न्हावी. गावात दोन होते, त्यातला कमी काचेचा आम्ही निवडला. आता आमच्या सीमाभागातल्या सरकारी माणसाची एक खोड आहे. घरात मराठी, साहेबासमोर कन्नड; त्यामुळं समोरच्याची भाषा आपली नाही असं दिसलं की जीभ आपोआप कन्नडकडं वळते. खुर्चीत बसल्या बसल्या भीमरत्न त्या न्हाव्याला म्हणाला, "नमस्काररी. स्वल्प सण्ण माड्री." थोडे बारीक करा म्हणून. आणि नवल बघा, त्यानं बरोबर तेवढेच बारीक केले. मग मी इंग्रजीतून योनासच्या घराचं नाव काढलं. न्हावी हसला. तो अलेप्पोचा निघाला. "बाई, मी इथं येऊन आठ वर्षं झाली," तो म्हणाला. "ह्या गावातल्या लोकांची डोकी मला पाठ आहेत, घरं नाहीत. अलेप्पोचं विचारा, कुणाचंही सांगतो." भीमरत्ननं वहीत लिहिलं: न्हावी, परगावचा, साक्ष निरुपयोगी.

मग गिरण. गिरण कुठली असायला, पण पीठ जिथं ती बाई, असा विचार करून आम्ही बेकरीत शिरलो. तिथं रांग होती. रांगेत उभं राहून आमचा नंबर आल्यावर मी विचारलं, तुम्ही ह्या घरच्यांना ओळखता का? बेकरीवाली म्हणाली, "ओळखते. कुठला ब्रेड देऊ?" मी म्हणाले, माणसं कशी आहेत? ती म्हणाली, "राय धान्याचा काळा ब्रेड नेतात. देऊ?" मागच्या माणसानं घसा खाकरला. आम्ही तो काळा ब्रेड घेऊन बाहेर पडलो. तो इतका टणक होता की भीमरत्न म्हणाला, हा तटाला लावला तर योनासला पन्नास वर्षं दुरुस्ती नको.

सराफ तेवढा गंभीर भेटला. सोन्याच्या काड्यांचा चष्मा, पांढरी दाढी, दुकान पणजोबांपासूनचं. भीमरत्न खूष झाला, हा माणूस पंच म्हणून चालेल. सराफानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही पोलीस आहात का?" नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग मी कुणाची माहिती देऊ शकत नाही. आणि पोलीस असलात तरी कागद लागेल." दार उघडून त्यानं आम्हाला अदबीनं रस्त्यावर काढलं.

"काय गाव हाय का काय हाय," भीमरत्न चिडला. "शेजाऱ्याबद्दल बोलत न्हाईत म्हंजे ह्यांचा दिवस जातो कसा?"

आम्ही योनासच्या गल्लीतून चौथ्यांदा चाललो होतो. घराचं तोंड, वरचा मजला, दाराचा रंग, सगळं वहीत उतरलं होतं. तेवढ्यात वरून हाक आली, स्वच्छ इंग्रजीत. "तुम्ही चार वेळा गेलात. आता थांबा."

पहिल्या मजल्याच्या खिडकीत एक म्हातारी बसली होती. खिडकीच्या कठड्यावर उशी, उशीवर दोन्ही कोपरं, आणि गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरणारे डोळे. माझ्या जिवात जीव आला. गिरणवाली सापडली.

ती शहाऐंशी वर्षांची होती. तरुणपणी अमेरिकन सैनिकांच्या कँटीनमध्ये काम केलं होतं, तिथं इंग्रजी शिकली. "तुम्ही त्या भारतीय मुलीचे आईबाप," ती म्हणाली. आम्ही नाही म्हणालो असतो तरी तिनं ऐकलं नसतं. मग ती सुरू झाली. योनास चांगला, पीत नाही, मागच्या हिवाळ्यात तिच्या दारातला बर्फ फुकट काढला. आई कष्टाळू, जरा मोठ्यानं बोलते. बाप वारला, छातीच्या दुखण्यानं. भीमरत्नला तिचे उच्चार कळत नव्हते, तो खालनं एकसारखा विचारत होता, "काय म्हणाली? लिहू का?" मी सांगत होते, तो लिहीत होता. सगळं झकास चाललं होतं.

मग म्हातारीनं दोन्ही बाजूला बघितलं. गल्लीत एक मांजर सोडून कुणी नव्हतं, तरी तिनं आवाज खाली आणला. तो आवाज मला पाठ आहे. लहानपणी बोरगावात बायका आमच्या मागं त्याच आवाजात बोलायच्या.

"तसे ते आता सगळ्यांसारखेच आहेत," म्हातारी म्हणाली. "पण जुन्या माणसांना माहीत आहे. हे घर त्यांनी नंतर घेतलं. आधी ते वेशीबाहेर राहायचे, ओढ्याकाठी. मेलेली गुरं, मेलेले घोडे ओढून न्यायचं काम त्यांचं. कातडी काढायची, उरलेलं पुरायचं. योनासचा खापरपणजा की त्याचा बाप, दारूच्या गुत्त्यात गेला तर त्याला दाराशी तीन पायांचं स्टूल, आणि पेला वेगळा, खिळ्याला टांगलेला. त्या पेल्याला दुसरं कुणी हात लावायचं नाही. माझी आजी मला म्हणायची, त्यांच्या पोरांत खेळू नकोस."

एवढं बोलून तिनं उशी झटकली आणि मला विचारलं, "तुमच्याकडं असलं काही नसेल?"

मी निपाणीत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवते. त्या वेळी तोंडातून नुसतं 'थँक यू' निघालं. बोरगावात आमच्या आज्याची कपबशी हॉटेलाबाहेर वळचणीला अडकवलेली असायची. चहा पिऊन त्यानं ती स्वतः धुऊन परत तिथंच ठेवायची. मी तिसरीत असताना ती बघितली आहे. आणि ह्या गावानं आम्हाला तीनशे वर्षांचा वासा दाखवला होता, हा पेला नाही!

"काय म्हणाली?" भीमरत्ननं विचारलं. "तू घाबरल्यासारखी का दिसतीस? पोराला काय रोगबिग हाय का?"

मी त्याला हाताला धरून जवळच्या वेशीत नेलं, तिथल्या बाकावर बसवलं आणि सांगितलं. मेलेली जनावरं. वेशीबाहेरचं घर. वेगळा पेला. तो ऐकत राहिला. वही मांडीवरून खाली पडली. मग तो हसायला लागला, आधी गालात, मग पोट धरून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सायकलवरून जाणाऱ्या दोन पोरी थांबून बघायला लागल्या.

"नीलम," तो म्हणाला, "अगं म्हंजे आपल्यातलंच निघालं की घर!"

खरं सांगते, मीही हसले. मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. त्यानं तिथूनच सासूबाईंना फोन लावला. "आई, चौकशी झाली. घर आपल्यातलं हाय. ह्यांचा आजा-पणजाबी वेशीभायेरचाच."

 मग सासूबाई म्हणाल्या, "तिकडंबी आपली माणसं हायत व्हय? मग तिकडंबी ढोरं ओढायलाच लावलं व्हय त्यास्नी?" आणि फोन ठेवून दिला.

साडेचारला उपासना आली. सायकल तिनं वेशीला टेकवली, नुसतं बोट वर करून म्हणाली, "वर चला." आम्ही तिच्या मागून जिना चढून तटावरच्या वाटेवर गेलो. पोरगी माझ्यासारखी चिडली की ओरडते, बापासारखी चिडली की हळू बोलते. ती हळू बोलत होती.

"कुणाकुणाला इचारलं?"

"फिरत हुतो गं नुसतं," भीमरत्न म्हणाला.

"सराफानं योनासच्या आईला फोन केलता. दोन भारतीय पोलीस आलते म्हणून. बेकरीवालीनं येगळा केला. खिडकीतली आजी तर मला थांबवून म्हणाली, तुझ्या आईला मी सगळं सांगितलंय, काळजी करू नको." तिनं माझ्याकडं बघितलं. "मम्मी, तूबी?"

मी छपराच्या वाशांकडं बघितलं.

"आधी ऐक तर खरं," भीमरत्न म्हणाला. त्याला राहवत नव्हतं. लग्नाची सुपारी फोडल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. "माझी ना न्हाय, उपा. कधी करायचं लग्न, सांग. घर लई चांगलं हाय. आपल्यातलंच निघालं!" आणि त्यानं सगळं सांगितलं, ओढा, स्टूल, पेला, काहीही न गाळता. मला वाटलं आता ही हसेल.

ती हसली नाही. तिनं विचारलं, "आणि न्हाय निघालं असतं तर?"

भीमरत्न वही खिशात कोंबायला लागला.

"सांगा की. न्हाय निघालं असतं तर वही मिटून निपाणीला गेला असता? योनास कालपण हाच हुता, आजपण हाच हाय. तुम्ही पेला सापडला म्हणून हो म्हणताय. ओमकारच्या चुलत्यानं दुसरं काय केलं? त्याला त्याच्यातलं सापडलं न्हाय, तुम्हाला तुमच्यातलं सापडलं."

मला एकदम लाज वाटली. वेशीत बसून आम्ही दोघं हसलो होतो ते आठवलं आणि मला तोंड कुठं लपवू असं झालं. पोरगी बरोबर बोलत होती, आणि बरोबर बोलणारी पोरगी समोर असली की आईबापाला पळायलाही जागा नसते. इथं तर तटच होता.

भीमरत्न वाटेवरच्या फळीवर खाली बसला. "मला एकदा तरी इचारणारा व्हायचं हुतं गं," तो म्हणाला. "जल्मभर दुसऱ्यांनी इचारलं. बेळगावात भाड्यानं खोली बघितली, तर आडनाव काय. कचेरीत बदली झाली, तर गाव कुठलं, गावात कुठल्या अंगाला. मला वाटलं, एकदा माझ्या हातात वही असावी आणि समोरच्यानं उत्तर द्यावं. बस. त्या पोराबद्दल माझ्या मनात काय न्हवतं."



"आणि एक हाय," तो म्हणाला. आता तो आमच्याकडं बघत नव्हता. "कंग्राळीचा तो माणूस मलाच भेटलता."

"कोण माणूस?" मी विचारलं, पण मला कळलं होतं.

"मी दळण घिऊन गिरणीतनं बाहेर पडत हुतो. त्यानं मलाच थांबवलं. म्हणाला, कचेरीतले भीमरत्न म्हणून हायत, ते कुठल्या गल्लीत ऱ्हात्यात, कसली माणसं हायत? त्याला काय म्हाईत मीच तो. चांगल्या कपड्यातला माणूस, मोटारसायकल. मला म्हणायचं हुतं, मीच भीमरत्न, चला घरात, चहा घ्या, बघा आमची माणसं. तोंडापर्यंत आलतं. मी म्हणालो, मला म्हाईत न्हाय, मी हितला न्हवं. आणि तो बघतोय म्हणून डबा घिऊन तसाच फुडं चालत गेलो. आपल्या दारावरनं. आपल्याच दारावरनं गेलो, उपा. तो गेल्यावर परत आलो."

त्यानंतर सात वर्षं मी ह्या माणसाच्या शेजारी झोपते आहे आणि मला ह्याचा पत्ता नाही. मला इतका राग आला की त्याला तटावरून ढकलावं वाटलं. आणि त्याच वेळी अलेप्पोच्या न्हाव्यानं बारीक केलेलं त्याचं डोकं, मागची पांढरी मान बघून रडू आलं. दोन्ही एकदम येतं तेव्हा काय करायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी नाक पुसलं.

"आणि मला म्हणत हुता, त्या पोरात दम न्हवता," उपासना म्हणाली.

"व्हय."

"पंधरा दिवस रोज म्हणत हुता."

"व्हय."

ती पाठ फिरवून चालायला लागली. जिन्याजवळ जाऊन तिनं मागं न बघता सांगितलं, "सहाला योनासच्या आईकडं जेवाय बोलवलंय. यायचं तर या."

सहाला जेवण, तेही गार. मेचं ऊन खिडकीतून सरळ ताटात पडलेलं, आणि टेबलावर ब्रेड, चीज, काकडी, उकडलेली अंडी. योनासची आई दणकट बाई. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण आमचे हात धरून तिनं असे हलवले की माझ्या बांगड्या वाजल्या. योनास आमच्यासाठी लोणच्याची बाटली शोधून आणून ठेवत होता. उपासना त्याच्या शेजारी बसली होती आणि बापाकडं बघत नव्हती. लग्नाचं काही निघालं नाही. ती खरंच फोटोसुद्धा पाठवणार नाही, असं मला वाटायला लागलं.

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा योनासच्या आईनं सुरी खाली ठेवली आणि मोठ्यानं काहीतरी म्हणाली. योनास लाल झाला. उपासनानं ताटाकडं बघत आम्हाला सांगितलं, "त्या म्हणत्यात, आज तुम्ही गावभर आमची चौकशी केली. आता माझी पाळी. तुमच्या घरातली माणसं काय काम करायची?"

बाई हसत होती. तिच्या मनात काही नव्हतं.  भीमरत्ननं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. मला वाटलं आता हा कचेरीचं सांगेल, बत्तीस वर्षं सेवा, निरोपसमारंभाला तहसीलदार आले होते. ते तो कुणालाही सांगतो.

"माझा आजा," भीमरत्न म्हणाला, "मेलेली जनावरं ओढायचा."

उपासनानं पहिल्यांदा वर बघितलं. ती जर्मनमध्ये सांगायला लागली आणि मध्येच अडली, त्या कामाचा शब्द तिला येत नव्हता. योनासनं तो हळूच सांगितला. त्याच्या आईनं मान हलवली. त्यांच्या घरात तो शब्द माहीत होता.

"तो गावाच्या वेशीभायेर ऱ्हायचा," भीमरत्न पुढं म्हणाला. आता तो एकेक वाक्य बोलून थांबत होता आणि उपासना एकेक वाक्य पलीकडं पोचवत होती. "छप्पन्न सालानंतर माझ्या बापानं धम्म घेतला आणि ते काम टाकलं. तंबाखूच्या वखारीत हमाली केली. आई इड्या वळायची. अजून तिची बोटं वाकडी हायत. मी शिकलो, कचेरीत कारकून झालो. बायको शाळंत शिकवती. आणि ही आमची पोरगी." त्यानं रुमालानं कपाळ पुसलं. "झालं. एवढंच."

योनासच्या आईनं टेबलावरून हात पुढं केला आणि त्याच्या हातावर ठेवला. ती काहीतरी बोलायला लागली, पण उपासनानं तिला थांबवलं. मग बापाकडं वळली.

"एवढंच न्हाय पप्पा," ती म्हणाली. "गल्ली सांगायची ऱ्हायली."

 भीमरत्न खुर्चीतून उठला. साहेबासमोर उभा राहायचा तसा नाही, आपल्या दारात उभं राहतात तसा.

"भीमनगर," तो म्हणाला. "बुद्धविहाराच्या मागं, डाव्या हाताला तिसरं घर. भीमरत्न म्हंजे मीच. या, चहा घिऊन जावा."

उपासनानं ते सगळं जर्मनमध्ये सांगितलं, गल्ली, विहार, डावा हात, तिसरं घर, एक शब्द न गाळता.